बिबट्याची चिठ्ठी

लोक आपली मुलं आमच्या शाळेत शिकायला पाठवतात, असा नोकरीच्या पहिल्या वर्षी माझा गोड गैरसमज होता. मग जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत एका बापाने सहा वर्षांचं पोरगं माझ्यापुढे उभं केलं आणि म्हणाला, "सर, याचं बघा कायतरी. घरात कुणाचं ऐकत न्हाई. तुमची मिशनची शाळा लई कडक हाय म्हणत्यात." गणिताचं, इंग्रजीचं त्याने एका शब्दाने विचारलं नाही. जुन्नरपासून मंचरपर्यंत आणि पार आण्याच्या पठारापर्यंत आमची ख्याती ही अशी. पालक सगळे शेतकरी, खंडोबाला भंडारा उधळणारे, एकादशी न चुकवणारे. पण शिस्त मात्र त्यांना ख्रिस्ती लागते.

आता गंमत बघा. अख्ख्या शाळेत सगळ्यात नरम माणूस म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर. हातात छडी घेणं सोडाच, त्या खडूसुद्धा हळू ठेवतात. त्यांच्याकडे शिक्षा एकच. चूक केली की चॅपलमध्ये जाऊन पाच मिनिटं गप बसायचं आणि आपण काय केलं त्याचा विचार करायचा. चॅपलमध्ये फॅन आहे, वर्गांत नाही. मार्च लागला की मुलांच्या चुका अशा वाढायच्या की चॅपलबाहेर रांग लागायची. सिस्टर कौतुकाने म्हणायच्या, "पाहा सर, मुलांना पश्चात्ताप होतोय." मी म्हणायचो, हो सिस्टर, पाच नंबरवर होतोय.

तेव्हा शाळेची अब्रू राखायची तर कडक कुणीतरी असायलाच हवं होतं, आणि ते महान कार्य माझ्याकडे आलं. मी गणिताचा शिक्षक, इथलाच, शेतकऱ्याच्या घरातला. येशूची आणि माझी ओळख नोकरी लागल्यानंतरची. पण पंधरा वर्षं मी शिस्तप्रमुख होतो आणि ते पद मला इतकं शोभायचं की मी घरीसुद्धा उतरवून ठेवत नसे. बायको म्हणायची, "जेवायला बसताना तरी शिट्टी काढा गळ्यातली." मारायला बंदी, म्हणून मी एकोणतीसचा पाढा शोधून काढला. चुकलास? म्हण एकोणतीसचा पाढा, मोठ्याने, मैदानात उभा राहून. आमच्या शाळेतल्या कुठल्याही वाह्यात पोराला झोपेतून उठवा, एकोणतीस नव्वे किती ते बिनचूक सांगेल.

माझं सगळ्यात लाडकं हत्यार म्हणजे उशिरा-वही. साडेसातला घंटा, पाच मिनिटांनी फाटक बंद. नंतर येणाऱ्याने फाटकावरच्या वॉचमनसमोर वहीत नाव लिहायचं, वर्ग लिहायचा, कारण लिहायचं. महिन्यात तीन नोंदी झाल्या की पालकांना बोलावणं. सवलत कुणालाही नाही, शिक्षकालासुद्धा नाही. हे शेवटचं वाक्य मीच हौसेने पाटीवर रंगवून घेतलं होतं. माझ्यावर कधी वेळ येणार नव्हती ना!

आणि कारणं काय असायची? बिबट्या. सायकल पंक्चर नाही, पोट दुखलं नाही, बिबट्या! "सर, उसात वाघ व्हता." "सर, बांधावर बसला व्हता." "सर, तीन व्हते, आई अन् दोन पिल्लं." आमच्याकडे ऊस म्हटला की बिबट्या आलाच, हे मलाही माहीत आहे. वनखात्याचे पिंजरे, त्यातल्या बिचाऱ्या शेळ्या, हे सगळं रोजचंच. पण चाचणी परीक्षेच्या दिवशीच नेमका बिबट्या वाट अडवतो म्हणजे काय? त्याला वेळापत्रक कोण देतं?

मग मला ती थोर कल्पना सुचली. मी प्रार्थनेच्या वेळी जाहीर केलं, "यापुढे बिबट्या हे कारण चालेल, पण पुराव्यासह. वनरक्षकाची नाहीतर गावच्या पोलीस पाटलाची चिठ्ठी आणायची. सहीशिक्क्यानिशी." शाळेत तोंडी काही चालत नाही, दाखला लागतो, हे मुलांनी लहानपणीच शिकलेलं बरं, असाही मी वर उपदेश केला. सिस्टर जरा चुळबुळल्या, पण मी सकाळपासून फॉर्मात होतो.

पहिल्या आठवड्यात एक चिठ्ठी आली. पोलीस पाटलाने आयुष्यभर रहिवासी दाखलेच लिहिलेले. त्याने लिहिलं होतं, 'दाखला देण्यात येतो की, सदर बिबट्या आमच्या गावात गेली चार वर्षे कायम वास्तव्यास असून मी त्यास व्यक्तिशः ओळखतो. त्याची वर्तणूक चांगली आहे.' ही चिठ्ठी मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवली. लोक पोट धरून हसले. पुढे पाटीलही वैतागले, मुलांना हाकलून लावायला लागले, आणि महिन्याभरात वहीतून बिबट्या नाहीसा झाला. एकही नोंद नाही! जे वनखात्याला जमलं नाही ते मी एका नियमाने करून दाखवलं, असं मी स्टाफ मीटिंगमध्ये खरोखर म्हणालो. आज आठवलं की कानशिलं गरम होतात.

बिबट्या गेला आणि त्याच्या जागी दुसरंच कारण आलं. 'झोप लागली.' पानामागून पान, झोप लागली, झोप लागली. यावरही मी गप बसलो नाही. मोबाइलचे दुष्परिणाम आणि पहाटे उठण्याचे फायदे यावर सलग दोन शनिवार भाषण ठोकलं. पोरं इतकी शांत ऐकत होती की मला वाटलं, परिणाम होतोय.

त्या झोपाळूंमध्ये एक आठवीतली मुलगी होती. तिच्या मळ्यावरून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या अँटेना दिसतात. गणितात पहिली, तोंडाने फटकळ. एकदा सिस्टर मूल्यशिक्षणाच्या तासाला हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होत्या. शंभरातलं एक मेंढरू हरवतं आणि मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून त्या एकाला शोधायला जातो. ही बया उभी राहिली. म्हणाली, "सिस्टर, नव्व्याण्णव उघड्यावर सोडून गेला? मग त्यांच्यापाशी कोण थांबलं?" वर्ग हसला. सिस्टर पुस्तक मिटून घड्याळाकडे बघायला लागल्या. मागच्या बाकावर मी तपासणीला बसलो होतो. मी तिच्या नावापुढे 'उलट प्रश्न विचारते' असं लिहून टाकलं.

दिवाळीनंतर तिच्या तीन नोंदी झाल्या. तिन्ही झोपेच्या. बापाला बोलावलं. तो भाजीचा टेम्पो चालवतो, पहाटे चारलाच मंचरच्या मार्केटला निघतो. खेप बुडवून आलेला, डोळे लाल. माझं सगळं प्रवचन त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, परत बोलावणं आलं तर मी हिचा दाखलाच काढतो. हिला झोपाच काढायच्यात तर घरी काढंल. गावात सातवीपतुरच शाळा हाय, मग बसंल आईच्या हाताखाली." पोरगी खाली बघत होती. मला वाटलं, चला, धाक बसला. शिस्तप्रमुखाला अजून काय हवं असतं?

जानेवारीत परत तीन नोंदी झाल्या. मी सोमवारी सकाळी आठची वेळ देऊन बापाला निरोप धाडला आणि सिस्टरना सांगायला गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "सर, तुम्ही तिच्या घरी जाऊन पाहिलंत का?"

"त्यात काय पाहायचंय सिस्टर? झोपते ती."

"मग झोपलेली पाहून या. दाखला गेला की ती परत येणार नाही."

मी म्हटलं ठीक आहे, रंगेहाथच पकडू. सोमवारी पावणेसातला तिच्या दारात उभं राहायचं, अंथरुणात पाहायची, आणि आठला बापाच्या तोंडावर सांगायचं. इतक्या उत्साहाने मी कधी वरातीला निघालो नसेन.

फाट्यापासून तिच्या मळ्यापर्यंत दीडएक किलोमीटरची पाणंद. दोन्ही बाजूंना ऊस, पुरुषभर उंच, मधे एक बैलगाडी जाईल एवढी वाट. नुकतं उजाडत होतं. अर्ध्या वाटेत गाडी चिखलात रुतली आणि बंद पडली. मी शिव्या घालत किक मारतोय, आणि वर बघतो तर पुढे वीस-पंचवीस पावलांवर तो बसलेला. बिबट्या. सदर. कायम वास्तव्यास असलेला.

तोंडातून आवाज फुटेना. आणि फुटला तो काय फुटला असेल? "सावधान!" मी ओरडलो. देवाशपथ सांगतो, पंधरा वर्षांची सवय. "सावधान! विश्राम!" बिबट्याने कान हलवला, पण जागचा उठला नाही. शाळेतली पोरंही असंच करतात म्हणा. त्या खोडदच्या अँटेना आकाशातले कुठलेकुठले आवाज टिपतात म्हणे. त्या सकाळी माझी बोंब टिपली असेल तर शास्त्रज्ञ अजून डोकं खाजवत असतील. पळावं असं वाटत होतं आणि पळता येत नव्हतं. मी मेलो असं मला वाटलं, यात अजिबात अतिशयोक्ती नाही.

तेवढ्यात बिबट्याच्या पलीकडून, मळ्याच्या बाजूने, ताट बडवल्याचा आवाज आला. त्याच्याबरोबर पोरांचा एका सुरातला कल्ला. "एकोणतीस एके एकोणतीस! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न! एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी!"

बिबट्या उठला. त्याने एकदा तिकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि कंटाळल्यासारखा उसात शिरला.

वळणावरून सात-आठ पोरं आली. दोन-दोनच्या जोडीने, हातात हात, सगळ्यात बारकी मधे. पुढच्या जोडीकडे डब्याची झाकणं. आणि सगळ्यांच्या मागे, एकटी, हातात पितळी ताट आणि लाटणं घेऊन, ती. आमच्या गणवेशात, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. पंधरा वर्षं मी मैदानात शिट्ट्या फुंकल्या, पण अशी रांग मला एक दिवस लावता आली नाही.

मला पाहून ती आधी थबकली. मग वरून हुकूम सोडला, "सर, पळू नका! वाकू नका! उभं ऱ्हावा तिथंच!" मी उभा राहिलो. तिने मलाही रांगेत घेतलं. मधे, बारक्यांबरोबर. एका पहिलीतल्या पोरीने माझं बोट धरलं आणि म्हणाली, "भ्यायचं न्हाई, निसता पाढा म्हणायचा."

ही पोरं गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली. आया-बाप दिवस उगवायच्या आत रानात नाहीतर मार्केटला. रोज ही त्यांना फाट्यावरच्या शाळेत सोडते आणि मग आमची बस पकडते. वाटेत बिबट्या बसलेला असला की सगळ्यांना परत मळ्यात न्यायचं, तो हलेपर्यंत थांबायचं, परत निघायचं. तोवर बस गेलेली. हे सगळं तिने मला गाडी ढकलताना सांगितलं, काही विशेष नसल्यासारखं.

"मग वहीत तसं लिहायचं ना, बाई!"

"चिठ्ठी लागती ना सर. पाटील सकाळी झोपलेलं असत्यात."

पोरांना शाळेत सोडून ती माझ्या गाडीवर मागे बसली. जरा वेळाने म्हणाली, "सर, बाबांना वाघाचं सांगू नका. त्यांना वाटतं आई आमच्यासंगं फाट्यावर येती. त्यांना कळलं ना, जिवाच्या भीतीनं घरीच बसवतील मला." म्हणजे खरं सांगितलं तर बाप शाळा सोडवणार, आणि खोटं सांगितलं तर मी. तेरा वर्षांची पोर दोन्हीकडून अडकली होती, आणि त्यातली एक बाजू मी स्वतः सहीशिक्क्याने बंद केली होती. मला माझीच लाज वाटली. गाडी चालवताना डोळे पुसायचीही चोरी, मागे ही बसलेली.

शाळेत पोचलो तर आठ वाजून दहा मिनिटं. फाटक बंद. आत बाकड्यावर तिचा बाप दाखला न्यायला येऊन बसलेला, जवळच सिस्टर उभ्या. वॉचमनने माझ्याकडे पाहिलं, माझ्या चिखलाने भरलेल्या पँटकडे पाहिलं, आणि अदबीने वही पुढे केली. "सर, तेवढी नोंद."

"अरे, मी आहे!"

त्याने पाटीकडे बोट दाखवलं. माझीच पाटी. सवलत कुणालाही नाही. मी नाव लिहिलं. वर्गाच्या जागी रेघ मारली. वॉचमनला मोठ्याने विचारायची सवय, तीही मीच लावलेली. "कारण काय लिवता सर?"

बाप बघत होता. मुलगी माझ्यामागे उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

"झोप लागली," मी म्हणालो. आणि सगळ्यांना दिसेल असं मोठ्या अक्षरात लिहिलं.

मग बाप हसायला लागला. नुसता हसला नाही, मांडीवर थाप मारून हसला. "सरांना बी झोप लागती व्हय! आरं तिच्या! मग माझ्या पोरीचं काय घिऊन बसलाय?" तो उठला, पोरीच्या डोक्यावर टपली मारली, म्हणाला, "जा वर्गात," आणि सिस्टरना नमस्कार करून टेम्पोकडे निघून गेला. दाखल्याचा विषयही काढला नाही. वॉचमन आकाशाकडे पाहत उभा होता. दुपारपर्यंत ही बातमी बालवाडीपर्यंत पोचली.

ऑफिसात मी सिस्टरना सगळं खरं सांगितलं. पाटलाच्या दाखल्यापासून माझ्या 'सावधान'पर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही फाटकावर खोटं बोललात. पाच मिनिटं चॅपल." मला वाटलं चेष्टा करतात. त्या चेष्टा करत नव्हत्या.

चॅपलमध्ये ती आधीच आपणहून येऊन बसलेली होती, सहा खोट्या नोंदींबद्दल. मी एक बाक सोडून बसलो. थोड्या वेळाने सिस्टरही आल्या, आणि आम्ही दोघांनी तिला आनंदाची बातमी दिली. सिस्टरनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं होतं, तिला शाळेच्या हॉस्टेलला ठेवायचं. फी नको, काही नको. बस नको, ऊस नको, बिबट्या नको. उद्यापासूनच. मी आणि सिस्टर एकमेकांकडे पाहून इतके खूश झालो होतो की विचारू नका.

ती मात्र खूश दिसेना.

"मी हिथं आल्यावर बारक्यांपाशी कोण थांबणार?" ती म्हणाली.

सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. मी समोर येशूकडे बघायला लागलो. तोच प्रश्न या पोरीने काही महिन्यांपूर्वी वर्गात विचारला होता, आणि मी तिच्या नावापुढे शेरा मारला होता. आता शेरा मारायला जवळ वही नव्हती. पाच मिनिटं संपली तरी आम्ही तिघंही तिथेच बसून होतो.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी पाणंदीच्या मळ्याकडच्या तोंडाशी उभा होतो. घरचं ताट आणलं होतं आणि लाटणं आणायचं विसरलो होतो, म्हणून शिट्टी. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि रांगेच्या शेवटी, तिच्या शेजारची जागा दिली. आठवड्याने मी मार्केटला जाऊन तिच्या बापालाही सगळं सांगितलं. तो पांढराफटक पडला, हातातलं क्रेट त्याने खाली ठेवलं. शेवटी म्हणाला, "तुमी रोज येता का सर? रोज?" मी म्हटलं, रोज. "मग ऱ्हाऊ द्या तिची शाळा," तो म्हणाला आणि टेम्पोत जाऊन बसला.

शिस्तप्रमुखाचं काम आता दुसऱ्या सरांकडे आहे. पाटी तशीच आहे. वाटेत बिबट्या बसलेला असला की आम्हाला उशीर होतो, आणि फाटकावर आम्ही दोघं वहीत नाव लिहितो, आधी ती, मग मी. कारणाच्या रकान्यात दोघंही बिबट्या लिहितो. वॉचमन चिठ्ठी मागत नाही.